दाणा दाखवणारा काटा

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. मोटारगाड्यांशी माझा संबंध एवढाच, की भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला माझं दुकान होतं आणि भरलेला ट्रक गेला की फळीवरचे रेडिओ थरथरायचे. सत्तरच्या दशकात मी ते दुकान टाकलं, तेव्हा ट्रान्झिस्टरांना मरण नव्हतं. ते पडायचे, भिजायचे, उंदीर त्यांच्या वायरी कुरतडायचे, आणि सगळे माझ्याकडे यायचे. हाताला यश होतं. यशापेक्षा गर्व जास्त होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझ्याकडून गेलेला रेडिओ आठवड्यात परत आला की मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे, आणि घरच्यांनाही मी ते गोड लागू देत नसे.

शेजारी मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार टिना, एक कडुनिंब आणि त्याखाली खणलेला खड्डा. मिस्त्री माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. उमेदीची वर्षं ट्रकांच्या वर्कशॉपात घालवून ते गावी परतले होते. घरची धानाची शेती धाकटा भाऊ करायचा. मिस्त्री बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरले तर रोवणीच्या बायाच त्यांना हसायच्या, इतका त्यांचा तिथे उपयोग नव्हता. त्यांना एकच गोष्ट यायची, पेट्रोलचं इंजिन. पण ती अशी यायची की साकोली, मोहाडीकडचे लोक तालुका ओलांडून जीप त्यांच्याकडे आणायचे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवणारा एक भाग असतो, डिस्ट्रिब्यूटर. तो केसभर एका बाजूला फिरवला तर ठिणगी लवकर पडते, दुसऱ्या बाजूला फिरवला तर उशिरा. उशिरा पडली तर गाडी मेंगळट चालते आणि पेट्रोल पिते. फार लवकर पडली तर चढावर, ओझ्याखाली, आतून एक बारीक टणक आवाज येऊ लागतो. पुस्तकात त्याला नॉक म्हणतात. मिस्त्री त्याला दाणा म्हणायचे, कारण पितळेच्या गंजात चार हरभरे टाकून हलवले तर जसं वाजतं, तसं ते वाजतं. शहरातल्या गॅरेजांत हे जुळवायला दिव्याचं यंत्र असतं म्हणे. मिस्त्रींकडे ते नव्हतं, आणि कोणी फुकट दिलं असतं तरी त्यांनी ते खड्ड्याच्या कडेला ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला असता. त्यांचा नियम एका ओळीचा होता: भरल्या गाडीने चढावर एक दाणा वाजला पाहिजे, दुसरा वाजता कामा नये. एकही वाजला नाही तर इंजिन झोपलेलं आहे. दोन वाजले तर ते मरणार आहे.

हा एक दाणा ऐकण्याची त्यांची पद्धत पाहायला लोक थांबत. जीपमध्ये धानाची पोती भरायची, वर तीन-चार रिकामटेकडे बसवायचे आणि भंडाऱ्यापुढे नदीच्या पुलापलीकडे जो चढ लागतो तिथे टॉप गिअरमध्ये गाडी हळू चढवायची. मिस्त्री शेजारी बसणार. हातभर सागाची काठी, तिचं एक टोक गिअरच्या दांड्याच्या बुडाशी टेकवलेलं, दुसरं त्यांच्या दातांत. डोळे मिटलेले. दाणा वाजला की उजव्या हाताचं बोट वर. मग चढावर गाडी थांबवायची, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा आणि पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढायचं. तीन-चार खेपांत काम फत्ते. रेडिओच्या धंद्यात मी कान तयार असलेला माणूस समजलो जायचो, पण मिस्त्रींच्या कानापुढे आमचा कान म्हणजे टीचभर. असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं एक वर्ष त्यांना वाईट गेलं. त्यांनी जुळवून दिलेली दोन इंजिनं पाठोपाठ फुटली. दोन्हींच्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. मिस्त्री म्हणाले, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल वेळेआधी भडकतं आणि दाणा वाजवून वाजवून पिस्टन खातं, हे खरं आहे, आणि त्या काळात पेट्रोलमध्ये रॉकेल सापडणं ही काही बातमी नव्हती. त्यामुळे लोकांनी माना डोलावल्या. पण माना डोलावता डोलावता दोघा-तिघांनी गाड्या परस्पर भंडाऱ्याला नेल्या. मिस्त्रींना ते लागलं. तिसरं इंजिन फुटलं तर आपल्या खड्ड्यावर कोणी सायकलसुद्धा आणणार नाही, असं ते माझ्या दुकानात बसून स्वतः म्हणाले. त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

एकोडीच्या पाटलांची जीप तेव्हा त्यांच्याकडे उघडलेली होती. पाटील म्हणजे पन्नाशीचे शांत शेतकरी. जीप जुनी, तिच्यात धान, सोयरे आणि प्रसंगी वासरू, सगळं जायचं. भंडाऱ्याला गाडी नेण्याचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, की पेट्रोल खोटं आहे हे इंजिन फुटायच्या आधी मला कळावं कसं, मला काही तुमच्यासारखा कान नाही. प्रश्न रास्त होता. मिस्त्री तो जसाच्या तसा घेऊन माझ्याकडे आले.

"वाऱ्यातला आवाज पकडून राहिला तू," ते म्हणाले, "मंग इंजिनातला काहून नाही पकडणार? असा डबा बनव का दाणा वाजला का काटा हालला पाहिजे. पेट्रोलवाल्याचं खोटं लोकाईले डोळ्यांनं दिसू दे."

मी आठ दिवसांत देतो म्हणालो. एका मासिकात अशा जोडणीची आकृती मी पाहिली होती, आणि पाहिलेली गोष्ट आपल्याला येतेच असं मी त्या वयात धरून चालायचो. आठ दिवसांचा दीड महिना झाला.

आवाज पकडायला मी मोडक्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागचा क्रिस्टल घेतला. सुई थरथरली की तो इवलीशी वीज करतो. इंजिन थरथरलं की का करणार नाही? केली. टोपी करायला भंडाऱ्याच्या एका भांडी घडवणाऱ्याने पितळेचा तुकडा ठोकून दिला. त्यात क्रिस्टल बसवून मी ती इंजिनाच्या हेडच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, बोल्टवर आवळली. दहा मिनिटं झकास काटा हलला, मग हळूहळू झोपला. उघडून पाहतो तर क्रिस्टल उकळत्या इंजिनाच्या तावाने विरघळून गेलेला. साखरेसारखं काहीतरी उरलं होतं. मिस्त्रींनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि हा दाणा खाल्ला गेला म्हणाले. दुसरा पिकअप, म्हणजे सुईमागचा तसाच तुकडा, नागपूरहून आणला, तो चिनी मातीच्या जातीचा होता, त्याने ताव सोसला.

मग ठिणग्यांचा त्रास. दर ठिणगीला काटा उडायचा, म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत अखंड नाच. टोपीपासून डब्यापर्यंत जाळीची वायर ओढली, तिला अर्थिंग एकाच टोकाला दिलं, तेव्हा नाच थांबला. मग दाण्याचा सूर तेवढाच आत यावा आणि बाकीचा खडखडाट बाहेर राहावा म्हणून कॉइल आणि कंडेन्सरची चाळणी केली. हेडवर छोट्या हातोडीने टिचकी मारायची, काटा पाहायचा, कॉइलचे दोन वेढे काढायचे, परत टिचकी. हे मी चार दिवस केलं. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते. बायकोला तसं सांगितलं नाही.

काटा एका मेलेल्या टेपरेकॉर्डरचा होता. त्यामागच्या पट्टीचा अर्धा भाग मी हिरवा रंगवला आणि टोकाचा तुकडा बायकोच्या नेलपॉलिशने लाल केला. डबा समोरच्या पत्र्यावर, चालवणाऱ्याला दिसेल असा बसवायचा होता. तिथे गणपती होता. पाटलांनी गणपतीला चार बोटं डावीकडे सरकवलं आणि नव्या डब्याला हळदकुंकू लावलं. काचेवर लावू नका, एवढंच मी म्हणालो.

आता मुख्य काम राहिलं. काटा हलत होता, पण किती हलला म्हणजे दाणा? यंत्राला माप कोणाचं तरी द्यावं लागतं. माप कोणाचं घ्यायचं हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कोणालाच पडला नाही. मिस्त्रींचा कान होता ना! मिस्त्रींनी नव्याने बसवलेल्या इंजिनाचं टायमिंग लावायचं, बोट वर करायचं, आणि त्या क्षणी काटा लाल पट्ट्याला टेकेल असा मी डब्यातला स्क्रू फिरवायचा. इतकं सरळ.

पाटील चालवायला, मिस्त्री शेजारी काठी दातांत धरून, मी मागे धानाच्या पोत्यांवर, हातात बारका स्क्रूड्रायव्हर आणि मांडीवर डबा. तेवढ्यापुरता तो पत्र्यावरून काढून लांब वायरीवर मागे घेतला होता. पुलावरून गाडी चढाला लागली. निम्म्यात गेलो नाही तोच काटा उडाला आणि लाल पट्ट्यात जाऊन पडला. मिस्त्रींचं बोट मांडीवरच. मी म्हणालो, काटा तर गेला. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली आणि काठी तोंडातून काढून म्हणाले, तो टॅपेटचा आवाज आहे, तुझा डबा टॅपेटला भुलला. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे खटके, ते सदा टिकटिकत असतात. मी स्क्रू मागे फिरवला. दुसऱ्या खेपेला पुन्हा काटा आधी, बोट नंतर. पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेच्या आधी मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर आणखी केसभर पुढे घेतला, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पडेल असा, कारण त्यांच्या मते इंजिन अजून झोपलेलंच होतं.

त्या तिसऱ्या खेपेला मला ऐकू आलं. मी मागे बसलो होतो, वारा होता, वजनासाठी पोत्यांवर बसवलेल्या रिकामटेकड्यांपैकी एक खोकत होता, तरी ऐकू आलं. गंजातले हरभरे. एक नाही, ओंजळभर. मी मिस्त्रींच्या बोटाकडे पाहिलं. बोट खाली होतं. चढ संपत आला, गाडी गचके खायला लागली, तेव्हा कुठे बोट वर गेलं, आणि मी स्क्रू फिरवून काटा त्या बोटाशी जुळवला.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, आपण रेडिओवाले, आपल्याला टॅपेट काय आणि दाणा काय. तीस वर्षं इंजिनात घातलेला माणूस समोर बसलाय आणि त्याला तुम्ही मागून सांगणार? मी हे नम्रपणा म्हणून स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते डब्याचं काम संपवायचं होतं. काटा आणि बोट एका वेळी हलले की काम संपलं असतं. संपलं.

पाटील जीप घेऊन गेले. दिवाळीनंतर धान निघालं, जीप पोती ओढू लागली. मधूनमधून निरोप यायचा की काटा हिरव्यात आहे. एकोडीला लोक काटा पाहायला येतात हेही कळलं. मिस्त्री खूश होते. लोक परत येऊ लागले होते. एका आठवड्यात तीन गाड्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या मी पाहिल्या. आंधळगावच्या एका दुकानदाराने तर मला विचारलं, असा डबा माझ्याही गाडीला करून देता का. मी विचार करतो म्हणालो, म्हणजे भाव खाल्ला.

मग एका सकाळी पाटलांची जीप ट्रकला बांधून आली. साकोलीच्या अलीकडे, भरल्या गाडीने जाताना तिने दम सोडला होता. पाटलांनी पत्र्यावरचा डबा स्क्रू काढून हातात आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. काटा शेवटपर्यंत हिरव्यातच होता, एवढंच ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. दुपारपर्यंत मिस्त्रींनी हेड काढलं. पिस्टनला भोक.

तिसरं इंजिन फुटलं होतं आणि गावाच्या मते दोष माझा होता. डब्याने दाणा दाखवला नाही, म्हणून पाटील बेसावध राहिले, म्हणून इंजिन गेलं. माझ्या गर्वाला हे सोसणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातली बाकी सगळी कामं बाजूला सारली आणि डबा उघडून बसलो. माझ्याकडे रेडिओ तपासायला लागणारं, निरनिराळे सूर काढणारं एक यंत्र होतं. बटण फिरवलं की स्पीकरमधून आधी गुरगुर, मग शिट्टी, मग किंचाळी. पिकअपची टोपी मी स्पीकरच्या पडद्याला मेणाने चिकटवली आणि डब्यातला स्क्रू पूर्ण मोकळा केला, म्हणजे त्याला जेवढं ऐकू येतं तेवढं सगळं दिसावं.

तेवढ्यात मिस्त्री आले. चहा सांगून स्टुलावर बसले आणि माझी समजूत घालायला लागले. डबाच तो, चुकायचाच, असं म्हणाले. माणसाच्या कानाची सर त्याला कुठली, तू मनाला लावून घेऊ नको. ते मनापासून बोलत होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बटण फिरवायला सुरुवात केली, डबा किती शहाणा आहे ते यांना एकदा दाखवावंच म्हणून.

दारात एक बाई उभी होती, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरची. नवऱ्याचा ट्रान्झिस्टर न्यायला आली होती. तिला मी थांबायला सांगितलं. सूर चढत गेला. गुरगुर झाली, शिट्टी झाली, काटा जागचा हलला नाही, कारण डबा तेवढ्या खालच्या सुराला भीक घालणारा नव्हता. मी आणखी वर गेलो. दाण्याच्या सुराशी पोचलो तसा काटा उठला आणि लालच्याही पुढे जाऊन टोकाला टेकला. स्पीकर किंचाळत होता. बाईने पदर कानांवर दाबला आणि ती मागे सरली.

मिस्त्री बशीत चहा ओतत होते. ते शांतपणे म्हणाले, "बंद केला का आवाज?"

बाई म्हणाली, "कान फुटून राहिले ना बापा. बंद करा ते."

मी बंद केलं नाही. सूडबुद्धीने नाही, मी मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहत होतो. मिस्त्रींनी बाईकडे पाहिलं, तिच्या कानांवरच्या पदराकडे पाहिलं, मग टेबलावर टोकाला टेकलेल्या काट्याकडे पाहिलं. बशी त्यांनी खाली ठेवली. उठून स्पीकरजवळ आले आणि पडद्यावर बोट टेकवलं. पडदा थरथरत होता, ते त्यांना कळलं. त्यांनी बोट तसंच ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता हाताने खूण केली, बंद कर. मी बटण फिरवलं. बाईला तिचा ट्रान्झिस्टर दिला आणि ती गेली.

मी इतका खजील आयुष्यात दोनदा-तीनदाच झालो असेन. मला डब्याची अब्रू वाचवायची होती. वाचली.

मिस्त्री खोटं बोलत नव्हते, हे मी इथे स्पष्ट करतो. चढावर त्यांचं बोट वर जायचं ते ढोंग नव्हतं. तीस वर्षं हातोडे आणि इंजिनांच्या शेजारी राहून त्यांच्या कानातले वरचे सूर झडून गेले होते, आणि कोणी सांगेपर्यंत माणसाला हे कळत नाही, कारण बोलणं ऐकू येतं, हाका ऐकू येतात. दाणा फार जोरात वाजायला लागून गाडी हादरू लागली की तो हादरा काठीतून त्यांच्या दातांना कळायचा. त्यालाच ते पहिला दाणा समजत होते. त्याच्या आधीचे सगळे दाणे त्यांच्यासाठी वाजतच नव्हते. म्हणून त्यांना प्रत्येक इंजिन झोपलेलं वाटायचं आणि ते डिस्ट्रिब्यूटर आणखी पुढे घ्यायचे. पेट्रोल चांगलं असो की खोटं, फुटायचं ते फुटायचं. आणि मी माझा डबा, जो पहिल्या खेपेला बरोबर बोलला होता, त्यांच्या कानाएवढाच बहिरा करून दिला होता.

दुसऱ्या दिवशी पाटील आले. त्याआधी मी मनाशी ठरवलं होतं की दोष डब्याचाच आहे असं सांगून टाकायचं. माझं काय जाणार होतं? मी रेडिओवाला, माझे रेडिओ चालू होते. मिस्त्रींचं सगळंच जाणार होतं. कडुनिंबाखाली दोन गिऱ्हाइकं आणखी होती, त्यांच्यादेखत मी पाटलांना म्हणालो, डब्यात खोट होती, माझी चूक झाली.

मिस्त्री खड्ड्यातून वर आले. हात पुसत म्हणाले, "डब्यात खोट नाही, पाटील. माह्या कानात आहे. तुमचं इंजिन मी फोडलो. पहिले दोन बी मीच फोडलो."

दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने हळूच आपली गाडी चालू केली आणि तो निघून गेला. मला अजून त्याचा राग येतो. पाटील म्हणाले, की गाडी उघडलेलीच आहे तर बसवून द्या, घाई नाही. आणि एकोडीच्या बसची वेळ झाली म्हणून गेले. दुसरं गिऱ्हाइकही त्यांच्यामागे गेलं.

आम्ही दोघंच उरलो. मिस्त्रींनी नटबोल्ट रॉकेलच्या थाळीत टाकले, धुवायला घेतले. धुता धुता विचारलं, "त्या दिवशी चढावर तुले आयकू आला होता का दाणा?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण एकदा खोटं बोलून मी तोंडघशी पडलो होतो. आला होता, म्हणालो.

"मंग बोलला काहून नाही?"

मी म्हणालो, तुम्ही मिस्त्री. तुमच्यापुढे मी काय बोलणार?

त्यांनी थाळीतला हात थांबवला. "मिस्त्री होतो म्हणूनच सांगाले पाहिजे होतं, बाबू. दुसऱ्या कोणाले थोडी मी इचारलो असतो?"

मी वयाचा मान राखला, असं पुढे अनेक वर्षं मी लोकांना सांगत आलो आणि ऐकणाऱ्यांना ते पटत आलं. मान राखण्यात माझं काही खर्च झालं नव्हतं, इंजिन पाटलांचं आणि नाव मिस्त्रींचं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

पिस्टन आले, इंजिन बसलं. त्याला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत कडुनिंबाखाली दुसरी गाडी आली नाही. मिस्त्रींनी ते काम नेहमीपेक्षा सावकाश केलं. एका दुपारी येऊन त्यांनी मला दुकान बंद करायला लावलं. टायमिंग लावायचं आहे, म्हणाले, तू पुढे बस.

पाटील चालवायला, मागे पोती, काटा पत्र्यावर आपल्या जागी. मी मधे, गिअरच्या दांड्याला गुडघे लावून. मिस्त्री माझ्या डाव्या हाताला कडेला बसले, हात रिकामे. काट्याचं माप माझ्या कानावरून पुन्हा लावायचं होतं, म्हणून त्या दिवशी काट्याला विचारण्यात अर्थ नव्हता. पुलावरून गाडी चढाला लागली. मी कान देऊन बसलो. इंजिनाचा आवाज, पोत्यांची करकर, टॅपेटची टिकटिक, पत्र्याचा खडखडाट, सगळं ऐकू येत होतं आणि त्यात दाणा कुठला ते मला सांगायचं होतं. मिस्त्री ना रस्त्याकडे पाहत होते, ना काट्याकडे. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

अर्ध्या चढावर मला काहीतरी वाजल्यासारखं वाटलं. दाणा असेल. टॅपेटही असेल. मी चुकलो तर चौथं इंजिन फुटणार होतं आणि ते माझ्या नावावर फुटणार नव्हतं.

वाजला, मी म्हणालो.

पाटलांनी गाडी थांबवली. मिस्त्रींनी नक्की का, असं विचारलं नाही. उतरले, बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर मागे घेतला.